सॅमकाकांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप सॅमकाका,
मु. पो. वॉशिंग्टन

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आमच्यासारख्या संशोधकांची आपण जी सरबराई करता, तिचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. आम्ही निघालो होतो जिवाणूंचा आणि ताऱ्यांचा अभ्यास करायला. आपण वाटेत आम्हाला अभिनय, आत्मस्तुती आणि ज्योतिष असे तीन जादा विषय शिकवलेत. फी अर्थात प्रत्येकाची वेगळी घेतलीत, पण विद्या फुकट मिळू नये हे आम्हालाही मान्य आहे.

पहिला धडा अभिनयाचा. पीएच.डी. झाली, तिकडच्या प्राध्यापकांनी बोलावलं, विद्यापीठानं डीएस-2019 हा कागद पाठवला, की आम्ही पाहुण्या संशोधकांच्या जे-1 व्हिसासाठी आपल्या वकिलातीत काचेपुढे उभे राहतो. आपल्या कायद्याचं कलम 214(ब) सांगतं, की समोरचा माणूस कायमचं राहायलाच निघाला आहे असं आधी धरून चाला. तसं नाही हे त्यानं पटवून द्यावं. म्हणून आम्ही वडिलांच्या फ्लॅटचा करारनामा, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि आईच्या नावची मुदत ठेव अशी जाडजूड फाइल नेतो. साहेब ती उघडतही नाहीत. दोन प्रश्न विचारतात, आमचा चेहरा बघतात आणि निकाल देतात.

त्याआधी भरलेल्या डीएस-160 अर्जात आपण प्रेमानं विचारलेलं असतं, की तुम्ही हेरगिरी करायला येताय का, दहशतवादी कृत्यांचा विचार आहे का, लहान मुलांना सैनिक म्हणून कधी भरती केलंय का. सगळीकडे ‘नाही’वर टिचकी मारून आम्ही पुढे सरकतो. असे प्रश्न विचारल्यावर खरा हेर गोंधळून ‘होय’ म्हणत असणार, या आपल्या श्रद्धेला तोड नाही. 2025च्या जूनपासून तर समाजमाध्यमांवरची खातीही सर्वांसाठी खुली ठेवा म्हणालात. आमच्या मावशीनं वाढदिवसाच्या फोटोखाली टाकलेले अंगठे आपल्या सुरक्षा यंत्रणेनं तपासले, याचं घरी फार कौतुक झालं.

विषय लेसरचा किंवा जैवतंत्रज्ञानाचा असला, तर 221(ग)ची चिठ्ठी हातात पडते: बायोडेटा द्या, शोधनिबंधांची यादी द्या, संशोधनाचा आराखडा द्या आणि थांबा. किती थांबायचं ते चिठ्ठीत नसतं. तिकडे प्रयोगशाळेत आमच्या नावाची खुर्ची रिकामी, इकडे घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून झालेलं.

परत जाण्याचं इतकं मनावर घेता, तर त्याचीही तजवीज केलेली असते. काही जे-1वाल्यांना कलम 212(इ) लागतं: दोन वर्षं मायदेशी राहून या, मगच नोकरीचा एच-1बी व्हिसा किंवा कायम राहण्याचं ग्रीन कार्ड मागा. त्यातून सुटायचं तर आपल्याआधी आमच्याच सरकारचं ‘नोरी’ (परतण्याचं बंधन नसल्याचं) प्रमाणपत्र, म्हणजे दिल्लीचं शिक्षण खातं, राज्य सरकार आणि पासपोर्ट कार्यालय अशी प्रदक्षिणा. डिसेंबर 2024मध्ये आपण, ज्या यादीमुळे हे कलम लागायचं त्या कौशल्यांच्या यादीतून भारताचं नाव काढलंत आणि अनेकांची ही साडेसाती टळली. हे आभार मात्र खरे आहेत. सरकारी पैशावर आलेले आणि डॉक्टरकीच्या प्रशिक्षणाला आलेले अजून त्यातच आहेत, त्यांच्या वतीनं निम्मे परत घेतो.

दुसरा विषय आत्मस्तुती. कालपर्यंत ‘मी नक्की परत जाईन’ म्हणणाऱ्या माणसानं आता ‘माझ्यावाचून तुमचं अडेल’ हे सिद्ध करायचं असतं. ग्रीन कार्डाच्या ईबी-1 वर्गातल्या असामान्य गुणवत्तेला दहा निकष, त्यांतले किमान तीन हवेत. मग आमच्यातला भिडस्त मुलगा रात्री बसून स्वतःच्या शिफारसपत्राचा मसुदा लिहितो, कारण मोठ्या प्राध्यापकांना वेळ नसतो आणि वकिलाला सहा पत्रं हवी असतात. ‘या तरुणानं या क्षेत्राची दिशा बदलली’ हे वाक्य लिहिताना त्याचे कान लाल होतात. दिशा बदलली म्हणजे काय, तर एका प्रथिनाची घडी आधी वाटलं होतं त्यापेक्षा थोडी वेगळी निघाली. पण वकील म्हणतो, ‘थोडी’ काढा.

एच-1बीचं दार होतंच. वर्षाला 85,000 व्हिसांची सोडत कंपन्यांसाठी; विद्यापीठं 2000च्या कायद्यानं त्या मर्यादेतून सुटलेली. हे फारच सोपं झालं असं वाटून सप्टेंबर 2025मध्ये आपण फर्मान काढलंत, की बाहेरून येणाऱ्यासाठी नवा अर्ज करायचा तर मालकानं 1,00,000 डॉलर भरावेत. एनआयएच या आपल्या आरोग्य संशोधन संस्थेच्या 2024च्या तक्त्यात नव्या पोस्टडॉकचा वर्षाचा पगार 61,008 डॉलर होता. नवरदेवापेक्षा घोडं महाग, ही रीत आमच्याकडेही आहे. पण निदान घोड्याचं भाडं एका दिवसाचं असतं.

तिसरा विषय ज्योतिष. ग्रीन कार्ड देताना माणूस देशहिताचा आहे असं आपणच ठरवता. 2016च्या ‘धनसार’ नावाच्या प्रकरणातल्या निकालानं त्याच्या कसोट्याही घालून दिल्या आहेत. पण हा राष्ट्रहिताचा अर्ज ईबी-2 वर्गात मोडतो आणि कायद्यानं ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. एकशे चाळीस कोटींच्या भारतालाही सात आणि चार लाखांच्या आतल्या आइसलँडलाही सातच. त्यामुळे आपण दर महिन्याला काढता त्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची ईबी-2ची तारीख, म्हणजे कधी अर्ज केलेल्यांचा नंबर आला ती, 2025 सालभर 2012-13च्या आसपास रेंगाळत होती. राष्ट्राचं हित आहे, पण राष्ट्राला बारा वर्षं घाई नाही.

शिवाय मोजतात तो जन्माचा देश, आताचं नागरिकत्व नव्हे. आई बाळंतपणाला मिरजेला गेली तिथेच आमचं भविष्य लिहून झालं. एक उतारा आहे: जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. म्हणजे सून आइसलँडच्या रेक्याविकची आणली की ग्रह पालटले. यापुढे स्थळ बघताना छत्तीस गुणांसोबत जन्मगाव कुठल्या कोट्यात येतं, हेही विचारायला गुरुजींना सांगून ठेवलं आहे.

काका, 1883 साली आमच्याकडची एक अठरा वर्षांची मुलगी, आनंदीबाई जोशी, कलकत्त्याहून बोटीनं निघून न्यूयॉर्कला उतरली. तिला कुणी व्हिसा मागितला नाही, सातबारा मागितला नाही. 1886मध्ये फिलाडेल्फियाची एम.डी. घेऊन ती परतली, कारण जाण्याआधीच तसं म्हणाली होती आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात तिची नेमणूक झाली होती. ज्याला परतायचं असतं त्याला कलम लागत नाही. परत येण्याजोगं काम इकडे असावं लागतं, आणि ती जबाबदारी आपली नाही, आमच्या सरकारची आहे. तिकडेही एक पत्र धाडणार आहोत.

आपल्याकडे मागणं एवढंच. आम्ही हवे असू तर आल्या दिवशीच तसं म्हणा आणि मुक्कामाचा सरळ रस्ता दाखवा. नको असू तर तेही सांगा; 2025च्या मे महिन्यात आपल्या युरोपातल्या भाऊबंदांनी सॉर्बाँ विद्यापीठात सभा भरवून संशोधकांसाठी 50 कोटी युरो जाहीर केले आहेत, तिकडची चौकशी करू. पण एकाच माणसाकडून आधी जाण्याची हमी आणि मग राहण्याची लायकी वदवून घेऊ नका. पहिल्या खिडकीवर खरं बोलणाऱ्याला आपण परत पाठवता, आणि मग प्रामाणिक माणसं मिळत नाहीत म्हणून तपासणी वाढवता.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, नियम धड असावेत.

आपला,
रांगेतला एक पोस्टडॉक

ता. क. व्हिसा नाकारला तरी अर्जाची फी परत मिळत नाही, हे माहीत आहे. त्यासाठी वेगळं पत्र लिहीत नाही.