मौजे दिवाणखाना येथील अनुशेष

गेल्या १ एप्रिलला सकाळी नऊ वाजता आमच्या घरात ३४२ न वाचलेली पुस्तकं होती. यंदा ३१ मार्चच्या रात्री मोजली तेव्हा ती ३५९ भरली. मधलं वर्षभर मी वाचत होतो. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण शेवटच्या पानावर खुनी सापडायला ही काही बाबूराव अर्नाळकरांची कादंबरी नाही.

मोजणीची कल्पना बायकोची. तिचं माहेर अकोल्याचं. पुण्यात ज्याला आम्ही ‘वाचायची राहिलेली पुस्तकं’ असं मोघम म्हणतो, त्याला तिनं पहिल्याच दिवशी ‘अनुशेष’ म्हटलं आणि मी चरकलो. हा शब्द वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडी आला की समजावं, आता आकडे येणार. “आमच्याकडे लेकरू आधी ‘आई’ म्हणतं, मग ‘अनुशेष’,” असं ती म्हणते. तिच्या माहेरची माणसं पाहता यात अतिशयोक्ती नसावी.

ज्यांना या शब्दाचं कूळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राज्याच्या कोणत्या भागाचा विकास किती मागे राहिला हे मोजायला १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिनं अहवाल दिला आणि अनुशेषाचा आकडा निघाला ३,१८६ कोटी रुपये. तो भरून काढायचं ठरलं. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजला, तर भरून निघण्याऐवजी तो कित्येक पटींनी वाढलेला. तोवर, १९९४ मध्ये, वैधानिक विकास मंडळं आली होती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाला मुदत नसते.

आमच्या घरातही प्रादेशिक असमतोल आहे, हे मोजणीतच उघड झालं. हॉलमधलं काचेचं कपाट म्हणजे पश्चिम महाराष्ट्र. तिथं उजेड आहे, पंखा आहे, पाहुण्यांची नजर आहे. मी वाचतो ते तिथलंच. दिवाणाच्या पोटात विदर्भ, वरच्या माळ्यावर मराठवाडा. दिवाण उघडायला गादी उचलावी लागते आणि माळ्यावर जायला शेजाऱ्यांकडून शिडी मागावी लागते. त्यामुळे या दोन विभागांना वर्षानुवर्षं फक्त आश्वासनं मिळाली. दिवाणातला एक जाडजूड ग्रंथ बाहेर काढला, तर कुठल्याशा किड्यानं मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत आरपार भोक पाडलेलं. साबुदाणा जाईल एवढं, अगदी गोल. तो ग्रंथ आमच्या घरात कुणी शेवटपर्यंत नेला असेल तर त्यानंच.

एकसदस्यीय समिती स्थापन झाली. सदस्य बायको. तिनं लाल पुठ्ठ्याची लांब वही आणली आणि रकाने आखले: अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, विभाग, घेतल्याचं साल, सद्यःस्थिती, शेरा. मी गणित मांडलं. वर्षाचे दिवस ३६५, पुस्तकं ३४२. रोज एक वाचलं तरी २३ दिवस हातात राहतात. ते मी सणवार आणि आजारपण यांसाठी राखून ठेवले. नियोजन म्हणून यात खोट काढता येत नाही.

मुलीनं मध्येच बचाव पक्षाचं वकीलपत्र घेतलं. हल्ली पुस्तकं न वाचणाऱ्यांना दोन आधार मिळाले आहेत, एक जपानी शब्द आणि एक इटालियन लेखक. जपानीत पुस्तकं आणून नुसती रचून ठेवण्याला ‘त्सुन्दोकू’ म्हणतात. आणि उंबेर्तो इको यांच्याकडे म्हणे तीसेक हजार पुस्तकं होती, त्यांतली न वाचलेलीच जास्त मोलाची. मला हे फारच पटलं. मी आणखी नेट लावला, “बाबासाहेबांनी तर दादरला राजगृह बांधताना पुस्तकांचा विचार आधी केला होता.” समिती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “त्यांनी ती वाचली होती.”

कामाला सुरुवात झाली. एप्रिल बरा गेला. सहा पुस्तकं झाली, आणि ती खरोखर झाली. मे महिन्यात निधी वळवण्याचे प्रकार सुरू झाले. रात्री नऊ ते अकरा हा वेळ दिवाणातल्या पुस्तकांसाठी मंजूर होता. तो प्रत्यक्षात कुठं खर्ची पडला याचा शोध घेतला, तेव्हा तो क्रिकेट, व्हॉट्सअ‍ॅपवरचा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद आणि एक माणूस जुनी गंजलेली कात्री घासून लख्ख करतो ते व्हिडिओ, यांच्याकडे वळल्याचं आढळलं. समितीनं विचारलं, “आमचं पाणी कुठं मुरलं?” या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून मीही दिलं नाही.

जून संपता संपता मला शोध लागला, की अनुशेष दोन मार्गांनी कमी होतो. एक, काम करून. दुसरा, व्याख्या बदलून. दुसऱ्याला खर्च कमी.

मी समितीपुढे सुधारित निकष ठेवले. मराठीत प्रस्तावना कधीकधी पुस्तकापेक्षा विद्वान असते. तेव्हा चाळीस पानांवरची प्रस्तावना वाचली की पुस्तक ‘वाचलेलं’ धरावं. पुस्तकावर चित्रपट निघाला असेल आणि तो पाहिला असेल, तर पन्नास टक्के भौतिक प्रगती. या कलमाखाली ‘बनगरवाडी’ निम्मी झाली, कारण अमोल पालेकरांचा चित्रपट मी दोनदा पाहिलाय. मग मी दोन अर्धे मिळून एक असा दावा केला, तो मात्र फेटाळला गेला. ‘स्मृतिचित्रे’च्या घरात तीन प्रती निघाल्या. एक संमेलनातून, एक अप्पा बळवंत चौकातून, आणि एक ‘घरात असायलाच हवं’ म्हणून. एकच वाचली आणि तीन कमी केल्या. हे समितीनं मान्य केलं, पण पुढं कंसात ‘वाचक एक’ असं लिहिलं. या तीन प्रती सोडून व्याख्येच्या जोरावर १९ पुस्तकं निकालात निघाली.

जी पुस्तकं सुरू करून मध्येच सोडली होती, त्यांच्यासाठी ‘काम प्रगतिपथावर’ असा रकाना वाढवावा लागला. तो महिनाभरात सगळ्यांत लांब झाला. प्रगतीचा पुरावा म्हणजे आत खोचलेली खूण. एकात पुणे–कोल्हापूर एस.टी.चं तिकीट पान ३८ वर. एकात दवाखान्याचं बिल. नेमाड्यांची ‘हिंदू’ मी २०१० साली, आली तेव्हाच, घेतली आणि त्याच आठवड्यात थाटात भूमिपूजन केलं. खूण अजून पहिल्या पन्नास पानांत आहे. तिला घरात ‘गोसीखुर्द’ म्हणतात. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या त्या धरणाची कोनशिला १९८८ सालची. मूळ खर्च ३७२ कोटी, आणि पुढं सुधारित होत होत तो अठरा हजार कोटींवर गेला. सिंचन खात्यात अशा वाढीव मंजुरीला सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात, लाडानं ‘सुप्रमा’. मीही ‘हिंदू’साठी दर दिवाळीला एक सुप्रमा घेतो. मूळ अंदाज पंधरा दिवसांचा होता.

खरी भानगड मात्र आवकेची. धरणातून पाणी काढायचं आणि वरून पाऊस थांबत नाही, तसं झालं. प्रकाशनपूर्व सवलत ही योजना ज्यानं काढली त्याला मराठी मन पुरतं कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला मराठ्यांच्या इतिहासाचं वेड लागलं होतं, तेव्हा दहा खंडांचे पैसे आगाऊ भरले. वेड सहा महिन्यांत उतरलं. खंड ऑगस्टमध्ये आले. रिक्षातून. रिक्षावाला खोका उचलून तिसऱ्या मजल्यावर आला, धापा टाकत म्हणाला, “काका, टाइल्स आहेत का?” डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. मी फक्त बघायला गेलो होतो. येताना हातात २३ होती. बघणं झालंच नाही, गर्दी फार होती.

आणि ‘सप्रेम भेट’! एकट्या या खात्यात वर्षभरात १६ जमा झाली. सकाळी टेकडीवर फिरायला येणारे एक निवृत्त अभियंता आहेत. पूल बांधायचे, आता कविता करतात. त्यांनी संग्रह दिला, सहीसह, आणि आत पेन्सिलीनं स्वतःला आवडलेल्या कवितांवर खुणासुद्धा करून दिल्या. आठवड्यानं चढावर गाठलं. चढावर माणसाला पळता येत नाही. “कसा वाटला?” अशा वेळी मी नेहमी शेवटची कविता म्हणतो. शेवटची कविता प्रत्येक संग्रहात असतेच. म्हटलं, “सगळ्याच छान, पण शेवटची… तिथं तुम्ही फार खोल गेलात.” ते थबकले. रुमालानं चष्मा पुसला. म्हणाले, “ती माझ्या नातीची आहे. चौथीत आहे ती.” दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीचा स्वतंत्र संग्रह आणून दिला. आता मी टेकडीला मागच्या बाजूनं चढतो.

दिवाळी अंकांचं मी मोजलेलंच नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण पुढच्या पिढ्यांच्या दिवाणावर केवढा बोजा टाकतोय याची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना! मी नऊ अंक घेतले आणि नवांतलंही राशिभविष्य वाचलं. माझ्या राशीला धनलाभ, प्रवास, गुडघेदुखी असं सगळं आहे. वाचनयोग एकाही ज्योतिष्याला दिसला नाही.

फेब्रुवारीअखेर वहीत बाद झालेली पुस्तकं ३९. मग मार्च आला. सरकारी खात्यात मार्चमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा महिने जो रस्ता दिसत नाही तो पंधरा दिवसांत डांबरी होतो. मी कवितासंग्रहांकडे वळलो. एका पानावर सहा ओळी, समोरचं पान कोरं, मध्ये रेखाचित्रं. एका बैठकीत तीन होतात. पंधरवड्यात २२ संग्रह झाले. त्यांत बऱ्या कविता असणार, पण मी ज्या वेगानं गेलो त्या वेगानं खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसत नाही. कवींची माफी मागायला हवी. टेकडीवर नाही, लांबून.

एकूण बाद ६१, नवी आवक ७८. त्या ७८ पैकी २९ कुठून आली हे समितीलाही उलगडलेलं नाही. ६१ मधून कविता, व्याख्या आणि स्मृतिचित्रांच्या तीन प्रती वजा केल्या, तर उरतात १७. पैकी एप्रिलमधली ती सहा. बाकीच्या अकरांतली काही निव्वळ प्रवासातली.

३१ मार्चच्या रात्री लेखापरीक्षण झालं. बायको हॉलमध्ये मांडी घालून बसली, मुलगी माळ्यावरून नावं ओरडत होती, मी गादी उचलून धरली होती. खुणा होत होत बायको एका ओळीवर थांबली.

“रणांगण. विश्राम बेडेकर. घेतल्याचं साल २००२, सद्यःस्थिती न वाचलेलं. पण कपाटात नाही, दिवाणात नाही. कुठं गेलं?”

मी गादी सोडली. आत जाऊन उशाशी ठेवलेलं पुस्तक आणलं. केवढंसं ते. बावीस-तेवीस वर्षं जाड ग्रंथांच्या मध्ये चेपून राहिलेलं, कणाही दिसत नव्हता. १९३९ सालची कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, युद्ध तोंडावर, त्यात एक आपला माणूस आणि एक ज्यू मुलगी. तिनं पानं उलटून पाहिली. मध्ये एका पानावर चहाचा गोल डाग होता, कपबशीतला कप उचलून थेट पुस्तकावर ठेवल्यासारखा.

“वाचलं का हे?”

“हो.”

“कधी?”

“श्रावणात. तुम्ही दोघी अकोल्याला होता. पाऊस होता. रात्री सहज उघडलं ते दूधवाला आला तेव्हा मिटलं.”

“मग वहीत काहून नाही लिहिलं?”

“राहिलं. वही आठवलीच नाही.”

तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. “निकष कोणता लावला? प्रस्तावना? पिक्चर?”

“कुठलाच नाही.”

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: ‘वाचल्याचा तोंडी दावा. नोंद नाही. अनुशेषात कायम.’ मग वही मिटली, पुस्तक तसंच हातात घेऊन उठली.

“ते कुठं नेतेस?”

“स्थळपाहणीला,” असं म्हणून तिनं आतल्या खोलीतला दिवा लावला.