कारखान्यावर पीएच.डी.? शोभतं का हे!

ऐकलंत का? आपल्या नगर जिल्ह्यात (बरं, अहिल्यानगर म्हणू!) नवीनच खूळ शिरलंय. पूर्वी पोरं चेअरमनची चिठ्ठी घेऊन कारखान्यात चिकटायची. आता म्हणे कारखान्यावर प्रबंध लिहितात! आणि विषय विचारला की वर आपल्यालाच विचारतात, "कोणत्या सैद्धांतिक दृष्टिकोनातून?" अहो, साखर कारखाना बघायला दृष्टिकोन कशाला लागतो? चिमणी चार कोसांवरून दिसते!

या सगळ्यांना नादी लावलं ते गॅरेथ मॉर्गन नावाच्या गृहस्थांनी. 1986 साली त्यांनी पुस्तक काढलं आणि संस्थेकडे बघण्याच्या आठ तऱ्हा सांगितल्या. संस्था म्हणजे यंत्र, संस्था म्हणजे सजीव प्राणी, मेंदू, संस्कृती, राजकारण. एवढ्यावर थांबतील तर शपथ! मनाचा तुरुंगसुद्धा आहे त्यात.

आता ही मंडळी वार्षिक सर्वसाधारण सभेला येऊन बसतात. मंडपात अहवालवाचन सुरू होतं. विषय क्रमांक तीन पुरता वाचूनही होत नाही, तोच मागच्या खुर्च्यांवरून आरोळी येते, "मंजूर, मंजूर!" नोकरशाहीवाल्या मॅक्स वेबरचा भक्त खूश: नोटीस, अजेंडा, इतिवृत्त, सगळं कसं नियमात! संस्कृतीवाली बाई त्याहून खूश: फेटा, नारळ, सत्कार, हा तर विधीच! राजकारणवाला मात्र व्यासपीठावर कोण आहे आणि कोणाला खाली बसवलंय, एवढंच टिपत असतो. सभासदाचं लक्ष दिवाळीच्या सवलतीच्या साखरेवर, ते कोणीच टिपत नाही.

तशी या खुळाची सुरुवात लोणीकरांनीच केली म्हणा. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे शेअर गोळा केले आणि प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं अध्यक्षपद दिलं कोणाला? पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगिळांना. चक्क अर्थशास्त्रज्ञ! 1950-51 चा पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि उसाबरोबर सिद्धांतही गव्हाणीत पडला.

मग बी. एस. बाविस्कर कोपरगावला आले. समाजशास्त्रज्ञ माणूस. गट-तट, निवडणुका, रुसवेफुगवे सगळं बघितलं आणि 1980 साली पुस्तक छापलं. राजकारण भरपूर आहे, पण तेवढ्यानं कारखाना बुडत नाही, असा त्यांचा सूर. ऐकावं ते नवलच! पुढे त्यांनी डोनाल्ड अ‍ॅटवूड यांच्या जोडीनं आणखी कोडं सोडवलं. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. यंत्रं महागडी, ती हंगामभर पोटभर चालली पाहिजेत. एकट्या बड्या बागायतदारांच्या उसावर त्यांचं भागत नाही, म्हणून दोन एकरवाल्यालाही धरून राहावं लागतं. म्हणजे एकी प्रेमापोटी नव्हे, गाळपापोटी!

हे पचतं न पचतं तोच 2001 साली अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांचे आकडे मांडून उलटाच सूर लावला. मत प्रत्येकाला एकच, पण सूत्रं बड्यांच्या हाती. ते उसाचा भाव दाबतात, पैसा कारखान्यात साठवतात आणि तिथून आपल्या वाटेनं वळवतात. भाव कमी मिळाल्याची झळ बड्या-छोट्या दोघांनाही, पण वळवलेला पैसा बड्यांच्याच पदरात! त्यातल्या बॅनर्जींना पुढे 2019 साली नोबेलही मिळालं, त्यामुळे त्यांना ऐरेगैरे म्हणायचीही सोय उरली नाही.

तर कारखाना तोच, गव्हाण तीच आणि पंडितांचे निकाल दोन. एकाच्या चष्म्यातून छोटा सभासद का टिकतो ते दिसतं, दुसऱ्याच्यातून त्याचा खिसा कसा हलका होतो ते. आपल्या पारावर मात्र वर्षानुवर्षं एकच चष्मा फिरतोय: "तो कोणाच्या गटाचा?" भाव पडला, गट. बॉयलर बिघडला, गट. पावसानं दडी मारली तरी गटच! आणि पाथर्डीहून पहाटेच्या थंडीत फडात उतरलेली कोयत्याची जोडी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको? तिच्याकडे ना शेअर, ना मत, म्हणून ती कोणाच्याच गटात नाही आणि पारावरच्या चर्चेतही नाही. मॉर्गनच्या यादीत आठवी तऱ्हा आहे, संस्था म्हणजे दडपण्याचं हत्यार. ती आपल्याला सुचली असती का?

म्हणून सांगते, हे खूळ वेळीच आवरा. आज पोरं प्रबंध लिहितायत. उद्या सभासद अहवालाची मागची पानं उलटतील, राखीव निधी कुठं गेला विचारतील, ऊसतोडीच्या मुकादमाला दिलेल्या उचलीचा हिशेब मागतील. मग संचालक मंडळानं सभा चालवायची तरी कशी?