लागला की लावून घेतला?

न्यू जर्सीचं सर्वोच्च न्यायालय ट्रेंटनला आहे आणि शनिवारी ते बंद असतं. त्यामुळे शनिवारी सकाळी राज्यातला सगळ्यात अवघड न्यायनिवाडा आमच्या गावच्या बेसबॉल मैदानावर होतो. न्यायाधीश म्हणून उभा असतो तो नुकतंच मिसरूड फुटलेला एक पोरगा. छातीवर चिलखत, हातात बोटाने फिरवायचा छोटा काउंटर आणि पाठीमागे दोन्ही पक्षांचे आईबाप.

खटला नेहमी एकच. चेंडू अंगाला लागला की लावून घेतला?

नियम तसा उदार आहे. पिचरचा चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट. टप्पा पडून लागला तरी चालतं. पण पुढे दोन ‘परंतु’ आहेत. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये असताना लागला तर तो स्ट्राइकच, पोरगं कितीही कळवळू दे. आणि झोनबाहेर लागला, पण बॅटरने चुकवायचा प्रयत्नच केला नाही, तर बेस नाही, नुसता बॉल. लिटिल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवरून टाकतो. तेवढ्या अंतरात चेंडू येईपर्यंत दहा वर्षांच्या मुलाच्या मनात काय होतं, ते अंपायरने ओळखायचं. माझ्या मुलाच्या मनात काय आहे ते मला आख्ख्या रविवारात कळत नाही.

भीतीने गोठलेलं पोर आणि बेसच्या लोभाने न हललेलं पोर, दोन्ही दिसायला तंतोतंत सारखी. त्यात कोच लोकांची शिकवणी वेगळीच. चेंडू अंगावर आला तर मागे उडी मारायची नाही. कॅचरकडे वळायचं, हनुवटी खांद्यात घालायची, बॅट खाली न्यायची आणि पाठीवर घ्यायचा. तोंड वाचतं, हे खरं. पण आता हे चुकवणं झालं की स्वागत करणं झालं, ते त्या मिसरुडाने ठरवायचं.

आम्हाला मात्र घडीच्या खुर्च्यांवरून सगळं लख्ख दिसतं. आपला हलला नाही तर बिचारा घाबरला. त्यांचा हलला नाही तर पढवून आणलाय. एक गृहस्थ दर सामन्यात ओरडतात, “हाताला लागला! हात म्हणजे बॅटच!” असा नियम कुठेही नाही. हात हा शरीराचाच भाग. पण ते इतक्या ठामपणे ओरडतात की एकदा मीही मान डोलावली होती. (आपलीच टीम फील्डिंगला होती.)

यंदा डोंबिवलीहून आई आली आणि खुर्च्यांच्या रांगेत एक खुर्ची वाढली. तिला हा प्रकार मुळातच पटला नाही. “अंगाला लागला म्हणून बक्षीस? आमच्या अंशुमन गायकवाडला काय दिलं रे?” १९७६, किंग्स्टन. होल्डिंगचा चेंडू कानावर बसला आणि ८१ धावांवर मैदान सोडावं लागलं. “आणि सचिन! तो तर खाली वाकला होता. चुकवायचा अजून काय प्रयत्न करायचा माणसाने?” हे १९९९ चं ॲडलेड. मॅकग्राचा चेंडू उसळलाच नाही, खांद्याला लागला आणि हार्परने शून्यावर पायचीत दिलं. आईने हार्परला अजून माफ केलेलं नाही.

मी म्हटलं, “अगं, आपल्याकडेही आहे हे. फटका मारायचा किंवा चेंडू चुकवायचा प्रयत्न नसेल तर लेगबाय मिळत नाही.”

“धाव नाही मिळत, बरोबर. पण म्हणून घर बांधून देतात का?”

मोठ्यांच्या खेळातही यावरून रणं माजली आहेत. १९६८ साली डॉजर्सचा डॉन ड्रायस्डेल एकामागून एक इनिंग शून्यावर काढत होता. ३१ मे रोजी जायंट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याचा चेंडू डिक डिट्झच्या दंडाला लागला. म्हणजे आयती धाव आणि विक्रमाचं वाटोळं. पण अंपायर हॅरी वेंडलस्टेड यांनी ठरवलं की याने चुकवायचा प्रयत्न केला नाही. डिट्झला पुन्हा बॅट धरावी लागली, तो झेल देऊन गेला आणि ड्रायस्डेल पुढे ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगपर्यंत पोचला. उलट रॉन हंटने १९७१ च्या एका हंगामात ५० वेळा अंगावर चेंडू घेऊन बेस मिळवला. सगळे ५० निरागस होते असं मला वाटत नाही. अंपायरना वाटलं असणार.

गेल्या शनिवारी समोरच्यांच्या एका गुटगुटीत बॅटरच्या कोपरावर आमच्या पिचरचा चेंडू येऊन टेकला. टेकलाच, लागला म्हणवत नाही. पोरगा जागचा हलला नाही. अंपायरने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “चुकवला नाही. बॉल.”

त्यांचा कोच टोपी काढून धावत आला. त्यांच्या बाजूच्या आया उभ्या राहिल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. हातवाले गृहस्थ हाताबद्दल बोलू लागले. आई म्हणाली, “शाब्बास रे पोरा,” आणि तिने अंपायरसाठी रव्याच्या लाडवांचा डबा बाहेर काढला. तो मी घाईघाईने पिशवीत सारला, नाहीतर लाचलुचपतीचं नवीनच प्रकरण झालं असतं. वाद रंगात आला तेव्हा अंपायरने काउंटर कोचच्या नाकासमोर धरला. आधीचे तीन बॉल होते. हा चौथा. चार बॉल म्हणजे पहिला बेस.

बॅटर केव्हाच तिथे जाऊन पोचला होता आणि आमच्या फर्स्ट बेसमनला कोपर दाखवत होता.