तीन चाकांची खाट

मी बसायला गेलो आणि सायकल निघून गेली.

उत्रेख्तमधल्या आमच्या इमारतीसमोरच्या विटांच्या रस्त्यावर मी उताणा, आणि ती चार हात पुढे जाऊन कुंपणाला टेकलेली. तीन चाकांचं वाहन पडत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. ते पळतं, हे ध्यानात आलं नव्हतं. तिला पार्किंग ब्रेक असतो. तो आधी ओढायचा आणि मगच बूड टेकायचं. विकणाऱ्यानं हे सांगितलंही असेल, पण तो डचमध्ये बोलत होता आणि मी त्या वेळी मनातल्या मनात युरोंचे रुपये करत होतो.

शेजारच्या आजी त्यांच्या लांब कानांच्या कुत्र्याला घेऊन तिथूनच चालल्या होत्या. "खाट हेट, मनेर?" त्यांनी विचारलं. म्हणजे, "ठीक आहात ना, साहेब?" डच माणूस लिहितो ‘ग’ आणि घसा खरवडून म्हणतो ‘ख’, त्यामुळे त्यांच्या विचारपुशीत आपली खाट येते. कुत्र्यानं काही न विचारता माझं तोंड चाटलं.

डचमध्ये या वाहनाला ‘लिखफीट्स’ म्हणतात, म्हणजे पडून चालवायची सायकल. माझी तीन चाकांची. दोन चाकं पुढे, एक मागे, मधे जाळीची आरामखुर्ची, जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. पाय समोर लांबवलेले, पेडल पावलांपुढे हवेत, आणि वळवायच्या दोन मुठी मांड्यांच्या दोन्ही अंगांना. साखळी साध्या सायकलीच्या जवळजवळ तिप्पट लांब. ती प्लॅस्टिकच्या नळीत शिरून सीटखालून मागच्या चाकापर्यंत जाते, पण नळीत शिरण्याआधी माझ्या उजव्या पोटरीवर काळी सही करून जाते. या सह्या धुण्यानं जात नाहीत.

ही घेण्याचं कारण माझी कंबर. तिथल्या दोन मणक्यांचं आपसांत पटत नाही. मग सायकल सोडायची म्हटलं, तर या देशात ते जमत नाही. इथं माणसं सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली सुमारे २ कोटी ३० लाख. सायकल नसलेल्या माणसाला इथले लोक आपल्याकडे रेशनकार्ड नसलेल्याला बघतात तसं बघतात.

पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर ती दाखवली. ऐंशी ओलांडलेल्या आईनं चष्मा पुसला, मला नीट वरपासून खालपर्यंत (खरं म्हणजे डावीकडून उजवीकडे) पाहिलं आणि म्हणाली, "अरे, असं आडवं होऊन रस्त्यानं माणूस एकदाच जातो. आणि तेव्हा पेडल मारावं लागत नाही."

विकणाऱ्याला मात्र कसलीच शंका नव्हती. पेडलचा दांडा माझ्या पायांच्या मापानं पुढे-मागे करत तो सारखं म्हणत होता, "एव्हन वेनन." थोडी सवय व्हायला हवी, इतकंच. डच लोक हे पावसाबद्दल म्हणतात, कांदा भुरभुरलेल्या कच्च्या हेरिंगबद्दल म्हणतात आणि प्राप्तिकराबद्दलही म्हणतात.

सवय करायची म्हणजे आधी जुनी मोडायची, आणि माझी जुनी चांगली अठ्ठेचाळीस वर्षांची निघाली. पुण्यात तासाच्या भाड्यानं सायकल आणून, दांड्याखालून पाय घालून मी शिकलो, तेव्हा अंगात एकच गोष्ट मुरली: सायकल थांबली की पाय टेकायचा. लिखफीट्सवर नेमकं तेच करायचं नाही. सीट इतकी खाली आणि पाय इतके पुढे, की चालत्या गाडीत पाऊल पेडलवरून घसरून रस्त्याला लागलं तर ते तिथंच राहतं आणि आपण त्याच्यावरून पुढे जातो. घोटा, गुडघा, काय मोडेल त्याचा नेम नाही. म्हणून पाऊल पेडलला बांधून टाकणारे बूट वापरतात. खटकन अडकतात, टाच बाहेर फिरवली की सुटतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सिग्नलला माझा उजवा पाय टेकायला धावायचा आणि पेडलला हिसका देऊन परत यायचा. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा.

तोल तर आणखी चमत्कारिक. साधी सायकल वळणावर आपण होऊन कलते. ही कलत नाही. वेगात वळलं की आतलं चाक उचलतं, मग आपणच आतल्या अंगाला धड झुकवायचं. कर्वे रोडवरच्या रिक्षात मागे बसून केलेला सराव इथं कामी आला.

ही इतकी बुटकी, की मोटारवाल्याला दिसावी म्हणून मागे उंच काठी लावून तिला त्रिकोणी झेंडा बांधतात. माझा झेंडा दुकानातूनच केशरी आला. ऑफिसातल्या नाशिकच्या सहकाऱ्यानं पार्किंगमध्ये तो पाहिला आणि हात जोडून विचारलं, "माउली, कुठल्या दिंडीचे?"

तिसऱ्या रविवारी मी वेख्त नदीकाठानं ब्रुकेलनला निघालो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचं नाव ज्या गावावरून पडलं, ते हे. अंतर बारा-तेरा किलोमीटर. ‘अहो’ म्हणणारी व्यक्ती साध्या सायकलवरून सोबत होती आणि माझ्याशी बोलताना विहिरीत डोकावल्यासारखी खाली वाकत होती.

वेख्तकाठची वाट सगळ्या माहितीपुस्तकांत ‘नयनरम्य’ असते. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमचे गडगंज व्यापारी उन्हाळ्यात शहराच्या वासाला कंटाळून इकडे यायचे. त्यांनी काठाकाठानं वाडे बांधले, पाण्याशी चहा प्यायला घुमटीसारख्या खोल्या बांधल्या. हे सगळं मला ‘अहो’नी सांगितलं. मला दिसत होतं ते कुंपण. अडीच किलोमीटर एक कुंपण, मग एक टपालपेटी, मग दुसरं कुंपण. औड-झाउलेनच्या गढीत फळझाडांना वारा लागू नये म्हणून सापासारखी नागमोडी बांधलेली भिंत आहे म्हणे. मी तिथल्या एका गोगलगाईचं सविस्तर वर्णन करू शकतो.

फूटभर उंचीवरून जग वेगळ्याच लोकांनी भरलेलं असतं. बदकं समोरासमोर भेटतात आणि रस्ता सोडत नाहीत. बाबागाडीतली पोरं नजरेला नजर देतात, आपल्यातलाच कुणीतरी पुढे निघालाय म्हणून. एका चार वर्षांच्या मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, हे आजोबा झोपलेत का? आई लाजली. मी डोळे मिटून घोरण्याचा आवाज काढला. हे करायला नको होतं, कारण समोर घोड्याची लीद होती.

लीद ही या वाहनाची खरी परीक्षा. साध्या सायकलीचा माग एकच. चुकवलं की चुकवलं. हिचे माग तीन. मी शिताफीनं डावं चाक डावीकडून काढलं, उजवं उजवीकडून काढलं, मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि मागचं चाक बरोबर मधून गेलं. ते माझ्या डोक्यामागे फिरत असतं. मडगार्ड होतं म्हणून निभावलं, पण ते पुरेसं लांब नव्हतं.

मानेवरचं पुसत असतानाच समोरून एका बाईंनी कौतुकानं हात हलवला. मीही डावा हात हलवला, आणि वेग जास्त वाटला म्हणून उजव्यानं ब्रेक दाबला. इथं प्रत्येक हाताचा ब्रेक आपापल्या बाजूच्या चाकाचा. उजवा एकटा दाबला की उजवं चाक थबकतं, डावं धावतं, आणि गाडी काठावरच्या खाजऱ्या झुडपात सरळ नाक खुपसते. त्याची पानं खाजकुयलीची डच मावसबहीण असावी. बाई परत फिरून आल्या. "खाट हेट, मनेर?"

"मी पडलो नाही," मी माझ्या डचमध्ये म्हटलं, "ही अशीच असते."

मार्सेनच्या पुढे समोरून वारा सुटला, आणि दिवस पालटला. हॉलंडमध्ये डोंगर नाहीत, त्यांचं काम वारा करतो. उभ्या सायकलींवरची मंडळी छातीनं वारा ढकलत, दातओठ खात चालली होती. मी त्या सगळ्याच्या खालून चाललो होतो. पहिल्यांदा एकाला मागे टाकलं, मग दोघांना, मग ‘अहो’ना. आरशात त्यांचा चेहरा बारीक होत गेला.

या सुखाला इतिहास आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूनं शार्ल मोशेच्या आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि १९१४ पासून कुणाला न मोडलेला विक्रम मोडला. उभ्या मंडळींत खळबळ माजली. जागतिक सायकल संघटनेनं मग सायकल कशाला म्हणावं याची नवी व्याख्या केली, आणि त्या व्याख्येत आडवी सायकल बसेना. तारीख १ एप्रिल १९३४. पडल्या पडल्या जिंकणाऱ्याचं जगात कुणाला कौतुक नसतं, हे आमच्या घरीही ब्रुकेलनला पोचल्यावर दिसून आलं.

तिथला पांढरा पूल नेमका एका नौकेसाठी वर उचलला होता. दोन्हीकडे पंचवीस-तीस सायकलवाले, प्रत्येकाचा एक पाय जमिनीवर. मी एकटा टेकून बसलेला. डबा उघडला, रव्याचा लाडू खाल्ला. एवढ्या थाटात मी आयुष्यात कुठं थांबलेलो नाही. पूल खाली आला, सगळे निघाले, मीही जोर लावला. गाडी हलेना. मागचे लोक घंटा वाजवायला लागले. ‘अहो’ वाकून म्हणाल्या, "पार्किंग ब्रेक."

त्यानंतर मात्र अंग वळलं. महिन्याभरात मांड्यांच्या वरचे आजवर अज्ञात असलेले स्नायू दुखायचे थांबले, आरसा बघायची सवय लागली, सिग्नलला पाय निवांत अडकलेले राहू लागले. कंबरसुद्धा कुरकुरेनाशी झाली. आजी रोज सकाळी मला लोळत जाताना बघायच्या आणि हात करायच्या. खाटेची चौकशी बंद झाली होती.

परवा कोपऱ्यावरून पाव आणायचा होता. एवढ्यासाठी ती कोण बाहेर काढणार, म्हणून जुनी उभी सायकल घेतली. सिग्नल लाल झाला. मी थांबलो. हात मांडीवर ठेवले, पाय पेडलवर, आणि हिरव्याची वाट बघत निवांत बसून राहिलो.

डांबर गार होतं. लांब कानांचं कुत्रं आलं, त्यानं तोंड चाटलं. मागोमाग आजी आल्या. एक पाय सायकलीखाली, पाव रस्त्यात, अशा स्थितीत मी त्यांच्या विचारपुशीची वाट पाहिली.

आजींनी नेहमीसारखा हात केला. "छान ऊन पडलंय, नाही?" म्हणाल्या आणि कुत्र्याला ओढत पुढे गेल्या.