स्विंडन गेलं तेव्हापासून

31 डिसेंबर 2020 पर्यंत परदेशात राहायला कुठं जावं, हा प्रश्न गोव्याच्या माणसाला पडत नव्हता. पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की तो स्विंडनला जायचा. स्विंडन कसं आहे हे कोणी विचारत नसे. तिथं आपलं कोण आहे, एवढंच विचारत. आमच्याकडे अख्ख्या इंग्लंडला लंडन म्हणतात, तेव्हा स्विंडनही लंडनातच. विमानतळावर काकाची गाडी, काकाच्या माडीवरची खोली, आणि सोमवारपासून काका जातो त्याच गोदामात रात्रपाळी. निवडायला काही नव्हतं, म्हणून भांडायलाही काही नव्हतं.

मग ब्रिटिशांनी युरोपीय संघ सोडला. सोडावा, त्यांचं त्यांना माहीत. पण जाताना ते आमचं स्विंडन घेऊन गेले आणि उरलेले सत्तावीस देश आमच्या अंगणात टाकून गेले. घ्या, हवा तो निवडा. दोन वर्षं झाली, मी निवडतो आहे.

मी डिचोली तालुक्यातल्या मयेचा. बायको मांद्र्याची, म्हणजे पेडणे तालुक्यातली. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. माझी नोकरी खाणीच्या कचेरीत होती. खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, मग थोड्या चालल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या. त्यावर अधिक लिहीत नाही. डिचोलीत प्रत्येक घरी ही गोष्ट आहे आणि प्रत्येकाला आपलीच लांब वाटते.

कागदांचं सांगतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आपला जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवता येतो, आणि मग त्याच्या मुलांना स्वतःचा. पप्पांचा जन्म 1955 चा. बार्देश, सासष्टीकडची माणसं चारशेहून अधिक वर्षं पोर्तुगीज अमलाखाली होती. डिचोली 1781 मध्ये गेली आणि पेडणे 1788 मध्ये, म्हणजे आमचं पोर्तुगीजपण तसं अर्धंकच्चं. कायदा मात्र तसा भेद करत नाही. तो स्पेलिंगचा करतो. पप्पांचं नाव शांताराम. त्यांच्या जन्मनोंदीत ते एक्सनं सुरू होतं, पोर्तुगीज रीतच तशी. भारतीय पासपोर्टात एसनं. दोघं एकच शांताराम आहेत हे सिद्ध करायला आठ महिने गेले. मध्येच कळलं की आईवडिलांचं लग्नही तिकडं पुन्हा नोंदवावं लागतं. मयेतल्या मांडवात चाळीस वर्षांपूर्वी झालेलं लग्न आता लिस्बनच्या एका कचेरीत व्हायचं आहे. आई म्हणाली, ‘‘साडी नवीन घ्यावी लागेल का?’’ माझी स्वतःची नोंद त्यानंतर. तोवर देश निवडून ठेवावा असं ठरलं, वेळ मोकळा आहे म्हणून.

आमच्या गावाला या प्रकाराचा जुना अनुभव आहे. मयेची जमीन एका काउंटची होती. 1961 नंतर मालक पोर्तुगालला, जमीन ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ म्हणून सरकारी कस्टोडियनकडे, आणि गावकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घरात परवानगीनं. जमिनीचे हक्क द्यायचा कायदा यायला 2014 उजाडलं. एवढी वर्षं भांडून घराखालची जमीन आपली व्हायच्या बेताला आली, आणि आता मी जमीनदार गेला तिकडंच निघालो आहे. पप्पांना यात काही विनोदी वाटत नाही. त्यांनी एकदाच विचारलं, ‘‘त्याचा पत्ता आहे का कोणाकडे? ओळखीचा माणूस बरा.’’

शेजारी नार्व्याचा सप्तकोटेश्वर. तो मूळ दिवाडीचा. सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, देवाला नदी ओलांडून आमच्या बाजूला आणलं, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देऊळ बांधून दिलं. म्हणजे पक्का पत्ता मिळायला देवालासुद्धा शंभरेक वर्षं लागली. मी हे बायकोला धीर द्यायला सांगितलं. ती म्हणाली, देवाबरोबर दोन लहान मुलं नव्हती.

म्हणून मी संगणकावर तक्ता केला. आडवे सत्तावीस देश. उभं भाडं, शाळा, दवाखाना, थंडी, भाषा. हा तक्ता घरातल्या माणसांना दाखवण्याची चूक मी केली. आईनं ‘नारळ’ आणि ‘नुस्तें’ (म्हणजे मासे) असे दोन रकाने वाढवले. नारळाच्या रकान्यात सत्तावीसही देश नापास झाले. पप्पांनी ‘माणसं बोलतात का’ असा रकाना घातला. मुलीला झोपाळा हवा. माझा एक रकाना मी कोणाला न सांगता घातला होता, न्हाणीघरात तांब्या भरता येईल असा नळ. तो बायकोनं शोधून काढला आणि त्याचे गुण दुप्पट केले. या घरात एकमतानं झालेलं ते एकच काम.

नातेवाईकांना विचारलं. परदेशातल्या नातेवाइकाची एक पद्धत असते: तो राहतो त्या गावाला तासभर शिव्या घालतो आणि शेवटी म्हणतो, इथंच या.

लिस्बनची मावशी म्हणाली, भाषा सोडली तर सगळं सोपं. पुढं कळलं की जुन्या घरांत थंडीत ऊब आणायची सोय नसते. डिसेंबरात माणसं घरात स्वेटर घालतात आणि बाहेर पडताना काढतात. भिंतींना बुरशी येते. ती आमच्याकडे पावसात येतेच, त्यासाठी समुद्र ओलांडायचं कारण नाही. घरमालकाला हमीदार लागतो, त्याला फियादोर म्हणतात. मावशी आमची फियादोर होईल का, असं विचारल्यावर फोनची रेंज गेली.

मावसभाऊ जर्मनीत आहे. तिथं शिस्त आहे, शाळा फुकट आहे, रेल्वे आहे, हे सगळं त्यानं सांगितलं. भाड्याचं घर बहुतेक वेळा स्वयंपाकघराशिवाय मिळतं, हे चौथ्या फोनवर सांगितलं. खोली असते, भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलेला असतो. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो. बायकोनं फोन हातात घेतला. ‘‘ओटा कोण नेतो, भाऊजी?’’ ‘‘सगळे नेतात, वहिनी. आम्हीपण मागच्या घरातून आणला.’’ ती बराच वेळ गप्प बसली. मग स्वयंपाकघरात जाऊन आमच्या ओट्याकडे बघून आली. आमचा ओटा कडाप्प्याचा आहे, भिंतीत बसवलेला, सासूपासून सुनेला आलेला. जर्मनी त्या संध्याकाळी गेला.

डब्लिनला घर बघायलाच रांग लागते म्हणे. तिथल्या प्राथमिक शाळा बहुतेक कॅथलिक चर्चच्या छत्राखालच्या. प्रवेशासाठी मुलाचा बाप्तिस्मा बघायचा नाही, असा नियम 2018 मध्ये झाला. आईनं विचारलं, ‘‘आणि 2017 मध्ये काय बघत होते?’’ हॉलंडचे जिने शिडीसारखे उभे असतात, आणि आमचा दोन वर्षांचा मुलगा सध्या पायऱ्यांवरून पडण्याच्या वयात आहे. फिनलंडबद्दल कोणी काही सांगितलं नाही, अंधार एवढंच सांगितलं.

आईचा आग्रह होता की मोठ्या माणसाला विचारावं. मूळ मडगावचे आंतोनियो कॉश्ता 2015 पासून 2024 पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान होते. 2017 मध्ये ते मडगावच्या घरी येऊन गेले तेव्हा सगळ्या गोव्यानं फोटो पाहिले. आता ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत, म्हणजे कामाला ब्रुसेल्समध्ये. पोर्तुगालचा पंतप्रधानसुद्धा शेवटी लिस्बन सोडून गेला, ही माहिती मी तक्त्यात शेरा म्हणून टाकली आहे.

घरं फोनवर बघितली. दलाल व्हिडिओ पाठवतो: चाळीस सेकंद, त्यातले तीस छताचे. न्हाणीघर दिसण्याआधी संपतो. मालक पगाराच्या तीन चिठ्ठ्या मागतो. पगारासाठी नोकरी लागते, नोकरीवाला तिथला पत्ता मागतो, आणि पत्ता मालकाकडे असतो. मी दोघांनाही नम्रपणे लिहिलं की आपण एकमेकांशी बोलून घ्यावं.

या सगळ्यात गावानं मला निरोप देऊन टाकला आहे. बुधवारी डिचोलीच्या बाजारात दिसलो की लोक दचकतात. ‘‘अरे, तू अजून इथंच?’’ शेजाऱ्यानं माझ्या स्कूटरची किंमत ठरवली आहे, भाव करायला मी फक्त हवा आहे. फणसाच्या झाडाचं काय करणार, असं तिघांनी विचारलं. मुलांच्या शाळेचं काय करणार, असं एकानंही नाही. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधायला मला बोलावलं नाही, कारण मी गेलो असं धरून नावं काढली होती. मग आयत्या वेळी बोलावलं, आणि मी गेलो तर म्हणाले, ‘‘रजेवर आलास का?’’

विमानतळाची अडचण तेवढी नाही. मोपाचं मनोहर विमानतळ बायकोच्या तालुक्यातच आहे, 2023 च्या जानेवारीपासून तिथून विमानं उडतात. पेडण्याच्या लोकांनी जमिनी दिल्या, तेव्हा ते वापरणं आमचं कर्तव्यच आहे असं सासरे म्हणतात.

सासऱ्यांच्या मांद्र्याच्या घरामागं तीन खोल्या आहेत. हरमल, मोरजी, मांद्रे, या पट्ट्यात ऑक्टोबरपासून अर्धं जग राहायला येतं, त्यात लहान मुलं घेऊन आलेली रशियन कुटुंबं पुष्कळ. त्यांच्यासाठी तिथं रशियन बालवाड्याही आहेत. माझ्या मुलीसाठी युरोपात मराठी बालवाडी शोधायचं मी पहिल्याच आठवड्यात सोडलं होतं. गेल्या हंगामात तिथं एक बाई आली, पाच वर्षांचा मुलगा, कडेवर मुलगी. म्हणजे आमचाच नमुना, उलट दिशेचा. तिनं तीन प्रश्न विचारले. इंटरनेट आहे? गॅस आहे? कुत्रा चावतो? सासऱ्यांनी दोनांना होय आणि तिसऱ्याला कधीकधी म्हटलं. तिनं पिशव्या खाली ठेवल्या. सासरे परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म भरायला बसले. पंधरा मिनिटं.

मी तिला विचारलं, तुम्ही मांद्रे कसं निवडलं? मला तक्ता बघायचा होता. ती म्हणाली, हरमलला आवाज जास्त होता.

एप्रिलमध्ये ती मुलांना घेऊन मये तळ्यावर आली आणि पाणी प्यायला आमच्याकडे थांबली. अंगणात फिरली. मुलगा झोपाळ्यावर बसला. न्हाणीघरात जाऊन आली, तांब्या बघितला, नळ सोडून बघितला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओट्यावर हात फिरवला. मांद्र्यात भाडं फार वाढलंय, म्हणाली. मग पप्पांना विचारलं, तुमचा मुलगा परदेशात जाणार ना, मग हे घर?

पप्पा म्हणाले, मे महिन्यात पाणी कमी येतं.

चालेल, म्हणाली. आणि माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही कधी निघता? मी म्हटलं, देश ठरायचा आहे. तिनं मान हलवली, समजल्यासारखी, आणि म्हणाली की तिला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घर रिकामं लागेल.

बायकोनं कॅलेंडरवर खूण केली आहे.