वहिनींचा काटा हलेना!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, तिकडं आवाज जातो. कोपऱ्यावरच्या वहिनींचा काटा अडकलाय म्हणे! वजनाचा हो.

गणपतीनंतर डॉक्टर दीक्षितांचं डाएट धरलं होतं ना त्यांनी... दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत ताट आवरायचं, वर रंकाळ्यावर ४५ मिनिटं चालायचं. धाकट्या जाऊबाई आहारतज्ज्ञ दिवेकरांच्या पार्टीतल्या, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात. एकाच स्वयंपाकघरात दोन पक्ष! पहिल्याच आठवड्यात वहिनींचं तीन किलो उतरलं, अख्ख्या गल्लीला कळलं. सुरुवातीला बरंचसं पाणीच जातं, पण मी कशाला बोलू...

तर काय सांगत होते, हां, काटा. आठ किलो उतरले आणि तिथंच थबकलं. तर सासूबाई भर हळदीकुंकवात काय म्हणाल्या माहितीय? "चिवड्याचा डबा रात्रीत कसा रिकामा होतो, कळतंय मला." वहिनींचा चेहरा असा पडला! तिळगुळाची वाटी हातातच राहिली.

पण त्यांची भाची आलेली ना पुण्याहून, ती डाएटिशियन. तिनं आजीलाच धरलं. म्हणाली, "आजी, मामी चोरून खात नाही. सत्तर किलोच्या अंगाला लागायचं तेवढं बासष्टला कशाला लागेल? ज्या ताटानं वजन उतरत होतं, तेच ताट आता जागच्या जागी धरतंय." शिवाय अंगाला वाटतं दुष्काळ पडला, मग ते हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करतं. लेप्टिन की काय ते कमी होतं, भूक खवळते. हालचालसुद्धा नकळत कमी होते म्हणे. खरंच की! हल्ली माडीवरनं काही आणायचं तर वहिनी पोराला हाक मारतात, बघितलंय मी.

आणि तो अमेरिकेतला टीव्ही शो, 'बिगेस्ट लूजर'? त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ मध्ये छापून आलं. बहुतेकांचं वजन परत चढलेलं, तरी अंग मात्र अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. अडीच भाकऱ्या झाल्या की हो! सासूबाई म्हणतात, "त्यांच्यात कुठली आलीय भाकरी?" पण आवाज उतरला होता.

तेवढ्यात ओसरीवरनं सासरे, आबा, "चाळिशीनंतर अंग सुस्तावतंच." भाची कुठली ऐकते! २०२१ च्या अभ्यासात म्हणे ६,४०० च्या वर माणसं होती. वीस ते साठ वयात अंगाचा खर्च फारसा बदलत नाही. त्यावर सासूबाईच फिस्सकन हसल्या, "ह्यांची तालीम सुटली, खुराक कुठं सुटला?" आबांनी पेपर तोंडासमोर धरला.

आता वहिनींना जेवण आणखी तोडायला बंदी. उसळ, अंडी वाढवायची, स्नायू टिकवायला वजनं उचलायची. डंबेल्स कशाला, आबांनी गच्चीवर वहिनींच्या बैठका सुरू केल्यात, स्वतः मोजतात! लई भारी दिसतं बघा, साडीचा ओचा खोचून...

आणि जाऊबाई? त्यांचाही काटा अडकलाय, सांगत नाहीत एवढंच. मला कसं कळलं? अहो, काट्याचे सेल बदलून आणायला पोराला दोनदा दुकानात पाठवलं त्यांनी!