अपग्रेडवीराची सुलक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या. दोन्ही याद्या चांगल्या ऐसपैस आहेत. पण त्या काळी असेंबल्ड पीसी नसल्यामुळे एक मोठा वर्ग त्यांतून निसटला: सुटे भाग निवडून, जोडून घेतलेल्या आणि सुरळीत चाललेल्या संगणकावर रविवारी सकाळी चहा पिता पिता नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला बसणारा गृहस्थ. त्याला मूर्ख म्हणण्याची सर्रास पद्धत पडली आहे. ती अन्यायाची आहे. हा माणूस गुणांचा पुतळा आहे, आणि त्याचे गुण वेळीच नोंदवून ठेवले पाहिजेत.

पहिला गुण धीर. विंडोज 10 आली 29 जुलै 2015 रोजी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने जाहीर परिषदेत ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले आणि आपल्या माणसाने ते गाठीला बांधले. 24 जून 2021 रोजी विंडोज 11 ची घोषणा झाली, ऑक्टोबरात ती बाजारात आली, तरी तो डगमगला नाही. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबणार, हेही वर्षानुवर्षे जाहीर होते. तेवढा काळ त्याने ‘नंतर आठवण करा’ या बटणावर काढला. घाई त्याच्या स्वभावात नाही. ती त्याने शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेली असते.

दुसरा गुण अभिमान. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानादुकानांतून घासाघीस करून त्याने 2017 च्या सुरुवातीला इंटेलचा आय-7 7700के घेतलेला असतो. चार कोअर, आठ थ्रेड, घरातली सर्वांत महागडी चौकोनी वस्तू. शेजाऱ्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला आय-3 8100 घेतला. कोअर तेवढेच, थ्रेड निम्मे, किंमत कितीतरी कमी. विंडोज 11 साठी नियम असा निघाला की इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. शेजारी पास, आपला वीर नापास. सातव्या पिढीतल्या एका चिपला मात्र निवडक यंत्रांपुरती सवलत मिळाली, आणि त्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ 2 होता. यावरून कुणी काही निष्कर्ष काढू नये. आपला वीर तर मुळीच काढत नाही. तो कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांकडे बघतो आणि यंत्र दणकट आहे याची खात्री करून घेतो.

तिसरा गुण औदार्य. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. घोषणा झाल्या झाल्या 2021 च्या जूनमध्येच मदरबोर्डवर खोचायच्या टीपीएमच्या चिमुकल्या पट्ट्यांचे भाव साठेबाजांनी चढवले. वीरांनी त्या चढ्या भावाने घेतल्या. वास्तविक गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांत ही सोय आधीच असते. बायोसमध्ये ती इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने बंद करून ठेवलेली असते, आणि चालू करायला एक पैसा पडत नाही. पण फुकटचे घेण्याची सवय वाईट. शिवाय पट्टीच्या पिना आपल्या मदरबोर्डाशी जुळतात का हे आधी पाहिले, तर दुकानात दुसऱ्यांदा जाण्याचे निमित्तच उरत नाही.

पण वीराचा खरा कस लागतो तो डिस्कपाशी. विंडोज 11 ला संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा हवा. हे कळताच तो बायोसमध्ये शिरतो आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी सोय, बंद करतो. सेव्ह करतो. संगणक सुरू होतो आणि थेट बायोसमध्ये परत येतो. पुन्हा सुरू करावा, पुन्हा बायोस. कारण साधे आहे: डिस्कची आखणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि नव्या पद्धतीने सुरू व्हायला जीपीटी लागते. ही आखणी माहिती न पुसता बदलून देणारे एमबीआर-टू-जीपीटी नावाचे अवजार 2017 पासून विंडोज 10 मध्येच आहे. ते आधी नुसती तपासणीही करून देते. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली, किंवा एखादे एक्स्टेंडेड असले, तर ते हात जोडते. आणि आपल्याकडे संगणक जोडून देणाऱ्याने सी, डी, ई आणि एफ पाडून दिल्याशिवाय गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतच नाही. सी मध्ये विंडोज, डी मध्ये ‘गणपती 2016’, ई मध्ये ‘न्यू फोल्डर 2’ आणि त्याच्या पोटात ‘महत्त्वाचे’, एफ मध्ये कुणीच न पाहिलेले चित्रपट. वीर हे चार वाडे क्षणभर न्याहाळतो आणि धाडसी निर्णय घेतो: तपासणीची पायरी गाळायची.

कुणाकुणाला याहून मोठा मान मिळतो. ग्राफिक्स कार्ड पुरेसे जुने असेल आणि त्याला यूईएफआयची भाषा येत नसेल, तर सीएसएम बंद करताच पडदाच काळा होतो. मग सीएसएम पुन्हा चालू करायला बायोस दिसणार कुठे? अशा वेळी वीज काढून मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा बटन सेल थोडा वेळ बाहेर ठेवला की बायोस मूळ पदावर येतो. वीराला हे ठाऊक नसते. म्हणून तो रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासतो. खोडरबर हे आपल्याकडचे सार्वत्रिक औषध आहे. रोग कोणताही असो, घासल्यावर मनाला बरे वाटते.

चौथा गुण मुहूर्ताची जाण. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा झोपू शकतो, हे सगळीकडे बजावून सांगितलेले असते. पुण्यात महावितरणची दुरुस्तीसाठीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, हेही सगळ्यांना माहीत. वीर गुरुवारच निवडतो. त्या दिवशी घरून काम करणेही जमत नाही, मग मोकळ्या वेळाचे करायचे काय?

पाचवा गुण सर्वांत थोर: एका वेळी सगळे बदलणे. अपग्रेड बरेच पुढे जाते, संगणक दोनदा-तीनदा बंद-चालू होतो, मग केलेले बदल मागे घेत असल्याचा निरोप येतो आणि 0एक्ससी1900101 असा आकडा उरतो. या कुळातल्या चुकांचे मूळ बहुधा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असते. नेमके काय झाले ते विंडोज स्वतःच पँथर नावाच्या फोल्डरातल्या नोंदवह्यांत ओळीने लिहून ठेवते. त्या उघडणे म्हणजे रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचणे. कोरडी माणसे जुना प्रिंटर, स्कॅनर, नको ते यूएसबी काढून ठेवतात, एक गोष्ट बदलतात, पुन्हा करून पाहतात आणि वहीत टिपतात. वीर एकाच बैठकीत अँटिव्हायरस काढतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, रॅमची जागा बदलतो, रजिस्ट्रीत कुठलीशी किल्ली घालतो आणि देवाला नारळ बोलतो. नंतर अपग्रेड झाले, तर कशाने झाले हे कधीच कळत नाही आणि श्रेय बिनविरोध नारळाला जाते. नाही झाले, तरी दोष कुणावर येत नाही. एवढा निर्वैर माणूस दुसरीकडे सापडणार नाही. 2015 साली विंडोज 10 चढवताना काही जणांच्या पडद्यावर ‘काहीतरी घडले’ एवढाच निरोप येत असे आणि जगभर त्याची टिंगल झाली. वीराला मात्र तो पुरेसा तपशीलवार वाटला होता.

सहावा गुण वैराग्य. बॅकअप घेणे म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखवणे. वीर तो पाप मानतो. अपग्रेड यशस्वी झाल्यावर साधारण 10 दिवस जुन्या विंडोजकडे परत जाता येते, कारण ती विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात जपलेली असते. वीर दुसऱ्याच दिवशी सी ड्राइव्ह लाल दिसतो म्हणून ती पुसून टाकतो. मागचे दोर कापणे ही आपली जुनी परंपराच आहे. पुढे डिस्क कुलूपबंद झालेली असेल आणि बायोसमध्ये पुन्हा हात घातला, तर बिटलॉकर 48 अंकी किल्ली मागतो. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खात्याचा पासवर्ड डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये असतो. डेस्कटॉप कुलपाच्या आत असतो.

या माणसाचे समाजावर थोर उपकार आहेत. त्याच्यामुळे पेन ड्राइव्ह खपतात, दुरुस्तीची दुकाने चालतात आणि दिवाळीखेरीज कुणी फोन न करणाऱ्या भाच्याला मामा आठवणीने फोन करतो. नोंद ठेवणारे, बॅकअप घेणारे, एका वेळी एकच गोष्ट बदलणारे लोक कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. त्यांची अडचण तासाभरात सुटते आणि ते जेवायला बसतात.

तेव्हा वाचकहो, विंडोज 10 अजून तुमच्याकडे असेल, तर घरगुती वापरासाठीची जादा अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. तेवढी मुदत बॅकअप घेण्यात वाया घालवू नका. शेवटच्या रात्री बसा, सगळे एकदम बदला. आणि भाचा आल्यावर त्याने विचारलेच, ‘मामा, नक्की काय काय केलंत?’, तर घराण्याला शोभेल असे उत्तर द्या: ‘मी कशालाही हात लावला नाही. आपोआप झालं.’